शिडाच्या नौकेतील इंजिन-माउंटच्या पर्यायी बोल्टची निवड : एक यांत्रिक विवेचन

सारांश

शिडाच्या नौकेतील साहाय्यक डिझेल इंजिन ज्या बोल्टांनी पायाशी जखडलेले असते, ते बोल्ट गंजल्यास वा तुटल्यास त्यांच्या जागी कोणते बोल्ट घालावेत, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. बाजारात मिळणारा सर्वांत मजबूत किंवा सर्वांत चकचकीत बोल्ट घ्यावा, असे त्याचे उत्तर सर्रास दिले जाते. प्रस्तुत लेखात या उत्तराची मर्यादा दाखविली आहे. बोल्टवर येणारा प्रत्यक्ष भार त्याच्या ताणबलाच्या मानाने अल्प असतो. बोल्ट निकामी होतो तो मुख्यतः पकड सुटल्यामुळे व क्षरणामुळे. म्हणून निवडीची सुरुवात दर्जापासून न करता जुन्या बोल्टच्या नाशाच्या कारणापासून करणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : इंजिन-माउंट, पूर्वताण, पकडबल, श्रांती, क्षरण, स्टेनलेस स्टील.

१. प्रस्तावना

शिडाची नौका वाऱ्यावर चालत असली तरी बंदरात शिरताना, बाहेर पडताना आणि वारा पडल्यावर तिला इंजिनाचा आधार घ्यावा लागतो. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने केलेली पृथ्वीप्रदक्षिणा आणि गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’ या नौकेतून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये केलेली पृथ्वीप्रदक्षिणा, यांमुळे शिडाच्या नौकांची बांधणी व देखभाल हा विषय पश्चिम किनाऱ्यावर परिचित झाला आहे. तथापि या नौकांच्या यांत्रिक देखभालीविषयी मराठीत फारसे लेखन आढळत नाही.

इंजिन नौकेत थेट बसवीत नाहीत. त्याच्या चार पायांखाली रबर व धातू यांचे बनलेले लवचीक आधार, म्हणजेच माउंट, असतात. हे माउंट बोल्टांनी नौकेच्या तळाशी असलेल्या लाकडी, फायबरच्या अथवा धातूच्या पायाला जखडलेले असतात. यांपैकी एक बोल्ट सैल झाला तर त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या बोल्टांवर जातो. इंजिन जागेवरून सरकले की पंख्याच्या शाफ्टची सरळ रेषा बिघडते. शाफ्ट जेथे नौकेतून बाहेर पडतो तेथील पाणीरोधक सांधा झिजतो आणि पाणी आत येऊ लागते. खडकाळ मुखाच्या खाडीत शिरताना हे घडले तर इंजिनही हाती राहत नाही आणि शिडे उभारण्यास वेळही मिळत नाही. काही रुपयांच्या बोल्टचा प्रश्न अशा वेळी नौकेच्या व माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

२. लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

(अ) माउंटच्या बोल्टवर येणाऱ्या भाराचा अंदाज घेणे. (आ) बोल्टचे खरे कार्य स्पष्ट करणे. (इ) धातू, दर्जा, आटे, लांबी व पायाचा पदार्थ या निकषांवर निवडीची रीत सांगणे.

इंजिनाच्या आधारव्यवस्थेत तीन प्रकारचे बोल्ट असतात. पहिला, माउंटच्या ब्रॅकेटला इंजिनाच्या ओतीव भागाशी जोडणारा. दुसरा, माउंटच्या मध्यातून वर आलेला उभा स्टड, ज्यावरील दोन नटांनी इंजिनाची उंची कमीअधिक करता येते. तिसरा, माउंटची बैठक पायाला जखडणारा. पहिल्या प्रकारात उत्पादकाने सांगितलेलाच दर्जा व लांबी पाळावी लागते. दुसरा स्टड हा माउंटचाच घटक असल्याने तो खराब झाल्यास सामान्यतः माउंटच बदलणे इष्ट ठरते. निवडीचे खरे स्वातंत्र्य, आणि म्हणून चुकीची खरी शक्यता, तिसऱ्या प्रकारात असते. प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने त्याविषयी आहे.

३. बोल्टवर येणारा भार

उदाहरणादाखल २० किलोवॅट शक्तीचे, गिअरबॉक्ससह सुमारे २०० किलोग्रॅम वजनाचे इंजिन घेऊ. नौकेचा वेग ६ नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ३.१ मीटर, आणि पंख्याची कार्यक्षमता ५० टक्के मानली तर पंख्याचा पुढे ढकलणारा रेटा सुमारे ३.२ किलोन्यूटन येतो. स्वतंत्र रेटा-बेअरिंग नसलेल्या नौकेत हा रेटा शाफ्ट, गिअरबॉक्स व माउंट यांच्या मार्गे नौकेला मिळतो. चार माउंट व प्रत्येकी दोन बोल्ट असे आठ बोल्ट धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला आडवा भार केवळ ०.४ किलोन्यूटन येतो.

पिळाचा परिणामही पाहू. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या या इंजिनाचा पीळ सुमारे ६४ न्यूटन-मीटर असतो. गिअरबॉक्समध्ये वेग २.६ पटींनी कमी झाला तर शाफ्टवरील पीळ सुमारे १६६ न्यूटन-मीटर होतो. डाव्या व उजव्या माउंटमधील अंतर ०.४ मीटर असेल तर एका बाजूचे माउंट सुमारे ०.४ किलोन्यूटन बलाने वर उचलले जातात आणि दुसऱ्या बाजूचे तेवढ्याच बलाने दाबले जातात. इंजिनाचे स्वतःचे वजन सुमारे २ किलोन्यूटन आहे. नौका लाटेने पूर्ण कलंडली तर हेच वजन बोल्टांना ओढू लागते.

१२ मिलिमीटर व्यासाचा साधा पोलादी बोल्टही यापेक्षा कितीतरी अधिक भार तुटण्यापूर्वी सहन करतो. तरीही माउंटचे बोल्ट तुटतात. याचे कारण केवळ भाराच्या आकड्यात नाही, तर भार कसा येतो यात शोधावे लागते. इंजिनाच्या कंपनांमुळे बोल्टवर तासाला हजारो लहान हिसके बसतात. पंख्यात दोर किंवा जाळे अडकले की क्षणार्धात मोठा धक्का बसतो. लाट आपटते तेव्हा इंजिनाचे वजन जणू अनेक पटींनी वाढते.

४. बोल्टचे खरे कार्य

बोल्ट म्हणजे दोन भागांतून गेलेली खुंटी, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे. नट आवळला की बोल्ट किंचित लांबतो. ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे तो मूळ लांबीकडे परत येऊ पाहतो आणि त्यामुळे दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. बोल्टमधील या ताणाला पूर्वताण आणि त्यातून निर्माण होणाऱ्या दाबाला पकडबल म्हणता येईल. आडवा भार प्रत्यक्षात बोल्टच्या दांड्यावर येत नाही. माउंटची बैठक व पाया यांच्यातील घर्षण तो पेलते. पकडबल पुरेसे असेपर्यंत बैठक हलत नाही, आणि बैठक हलत नाही तोवर बोल्टला हिसके जवळजवळ जाणवतही नाहीत.

पकडबल कमी झाले की हे चित्र पालटते. बैठक सूक्ष्म प्रमाणात पुढेमागे सरकू लागते. १९६९ साली गेरहार्ड युंकर यांनी दाखवून दिले की, अशा आडव्या सरकण्यामुळे आट्यांतील घर्षणाचा प्रतिकार नाहीसा होतो आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो. पुढे दांड्यावर उलटसुलट वाक येऊन श्रांतीमुळे तडा जातो. सैल झालेला बोल्ट तुटतो तो बहुधा अशा क्रमाने.

वरील उदाहरणात आडवा भार ०.४ किलोन्यूटन व घर्षणांक ०.१५ धरल्यास प्रत्येक बोल्टचे पकडबल किमान २.७ किलोन्यूटन हवे. धक्के व लाटांसाठी चौपट सुरक्षा धरली तर ही गरज सुमारे ११ किलोन्यूटन होते. पर्यायी बोल्टची निवड करताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरते.

५. जुन्या बोल्टचे निरीक्षण

नवा बोल्ट आणण्यापूर्वी जुना बोल्ट धुऊन उजेडात पाहावा. तुटलेल्या पृष्ठभागावर शिंपल्यावरील वलयांसारख्या रेषा असतील तर तो श्रांतीने तुटला आहे. अशा वेळी अधिक मजबूत बोल्ट घालून मूळ दोष जात नाही. पकड का सुटली, हे शोधावे लागते. दांडा मधेच बारीक होऊन ओढला गेलेला दिसल्यास तो प्रमाणाबाहेर आवळला गेला असावा. तांबूस पापुद्रे सुटत असतील तर साध्या पोलादाचे क्षरण झाले आहे. स्टेनलेस बोल्टचे डोके चकचकीत असूनही लाकडात रुतलेल्या भागावर खोल खड्डे व चऱ्या पडल्या असतील तर ते फटीतील क्षरण होय. बोल्ट शाबूत असून आट्यांत लाकडाचा काळा भुसा अडकलेला असेल तर दोष बोल्टचा नसून कुजलेल्या पायाचा आहे.

६. धातू व दर्जा

पोलादी बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असतो. पहिल्या अंकाला १०० ने गुणले की ताणबल मेगापास्कलमध्ये मिळते, म्हणजे ८००. दुसरा अंक सांगतो की या बलाच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० मेगापास्कलपर्यंत, बोल्ट ताणला तरी तो मूळ लांबीवर परत येतो. या मर्यादेला येथे लवचीकता-सीमा म्हटले आहे. स्टेनलेस बोल्टवर ए२-७० किंवा ए४-८० अशी खूण असते. अक्षर व पहिला अंक धातूचा प्रकार दर्शवितात आणि नंतरच्या आकड्याला १० ने गुणले की ताणबल मिळते. ए४ प्रकारात मॉलिब्डेनम असल्याने तो खाऱ्या पाण्यात ए२ पेक्षा अधिक टिकतो.

एम१२ बोल्टचे आट्यांतील परिणामी क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिलिमीटर आहे. लवचीकता-सीमेच्या ७० टक्के पूर्वताण धरल्यास पुढील तक्ता मिळतो.

| दर्जा | ताणबल (मेगापास्कल) | लवचीकता-सीमा (मेगापास्कल) | एम१२ चा पूर्वताण (किलोन्यूटन) |
|---|---|---|---|
| ४.६ | ४०० | २४० | १४.२ |
| ८.८ | ८०० | ६४० | ३७.८ |
| १०.९ | १००० | ९०० | ५३.१ |
| ए४-५० | ५०० | २१० | १२.४ |
| ए४-७० | ७०० | ४५० | २६.६ |
| ए४-८० | ८०० | ६०० | ३५.४ |

या तक्त्यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, ११ किलोन्यूटनची गरज ए४-७० दुपटीहून अधिक प्रमाणात भागवितो. त्यामुळे १०.९ दर्जाच्या मागे लागण्याचे कारण उरत नाही. दोन, ‘स्टेनलेस’ हा शब्द ताकदीविषयी काहीच सांगत नाही. ए४-५० गरजेच्या काठावरच राहतो आणि डोक्यावर कोणतीही खूण नसलेल्या बोल्टविषयी तेवढीही खात्री देता येत नाही. तीन, ८.८ च्या जागी त्याच व्यासाचा ए४-७० घातल्यास पूर्वताण सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. ही घट हिशेबात धरूनच बदल करावा.

१०.९ व विशेषतः १२.९ दर्जाच्या कठीण पोलादात आणखी एक धोका असतो. जस्ताचा विद्युत-मुलामा देताना किंवा क्षरणाच्या प्रक्रियेत सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो आणि बोल्ट पूर्वसूचना न देता तुटतो. ओलसर जागेत ८.८ ही व्यवहार्य वरची मर्यादा मानणे योग्य ठरते.

क्षरणाच्या बाबतीत जागा पाहणे महत्त्वाचे आहे. स्टेनलेस स्टीलवरील संरक्षक थर हवेतील प्राणवायूमुळे टिकून राहतो. ओल्या लाकडात किंवा पाणी साचलेल्या भोकात प्राणवायू पोहोचत नाही, पण मिठाचे पाणी पोहोचते. तेथे हा थर फाटतो आणि क्षरण आतल्या आत वाढत जाते. जस्ताचा मुलामा असलेला ८.८ बोल्ट लवकर गंजतो खरा, पण त्याचा गंज डोळ्यांना दिसतो व वेळीच इशारा देतो. म्हणून पायाचा वरचा भाग कोरडा व हाताला येण्याजोगा असेल तर रंगविलेला किंवा ग्रीस लावलेला ८.८ बोल्ट समर्थनीय आहे. तळातील पाण्याचा वारंवार स्पर्श होत असेल तर ए४-७० अथवा ए४-८० घ्यावा, भोक सीलंटने बंद करावे आणि ठरावीक काळाने एखादा बोल्ट काढून पाहावा. पितळी बोल्ट मात्र टाळावेत. खाऱ्या पाण्यात पितळातील जस्त निघून जाते आणि मागे सच्छिद्र, दुबळे तांबे उरते.

७. व्यास, आटे व लांबी

इंजिन व नौका वेगवेगळ्या देशांत बनलेल्या असल्यास मेट्रिक व इंची आटे एकाच नौकेत सापडतात. एम१० च्या आट्यांतील अंतर १.५ मिलिमीटर असते, तर ३/८ इंची, इंचाला १६ आटे असलेल्या बोल्टचे १.५९ मिलिमीटर. असा परका नट दोनतीन फेरे फिरतो आणि मग अडकतो. जोर लावून तो पुढे नेल्यास आटे फाटतात. अर्धा इंच व्यासातही व्हिटवर्थ पद्धतीत इंचाला १२ व अमेरिकी जाड आट्यांच्या पद्धतीत १३ आटे असतात. म्हणून आटे मोजण्याची पट्टी लावूनच बोल्ट आणावा.

लांबी ठरविताना नट पूर्ण बसल्यावर दोन ते तीन आटे बाहेर यावेत. पायात आटे पाडलेली धातूची पट्टी असेल तर पोलादात किमान बोल्टच्या व्यासाइतके आणि ॲल्युमिनियममध्ये दीडपट ते दुप्पट आटे गुंतावेत. भोक बंद तळाचे असेल तर बोल्ट तळाला टेकणार नाही याची खात्री करावी. तो टेकला तर पाना घट्ट लागतो, पण माउंट मात्र सैलच राहतो. एकंदरीत लांब बोल्ट आखूड बोल्टपेक्षा हितावह असतो. लांब बोल्ट अधिक ताणला जातो आणि पाया किंचित दबला तरी त्याचा पूर्वताण पूर्णपणे नाहीसा होत नाही.

८. पायाचा पदार्थ

लाकडी पाया असल्यास मर्यादा बोल्टची नसून लाकडाची असते. एम१२ च्या २४ मिलिमीटर व्यासाच्या साध्या वॉशरखालील क्षेत्र सुमारे ३२० चौरस मिलिमीटर असते. २६.६ किलोन्यूटन पूर्वताणाला तेथील दाब ८३ मेगापास्कल होतो. सागाचे लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने साधारण १० मेगापास्कलच्या घरातील दाब सहन करते. साहजिकच वॉशर लाकडात रुततो, बोल्टचा ताण सुटतो आणि पकड जाते. त्याऐवजी ६० मिलिमीटर चौरस जाड पट्टी वापरल्यास दाब सुमारे ७.७ मेगापास्कलवर येतो. अधिक चांगल्या बोल्टपेक्षा अधिक मोठी पट्टी येथे उपयोगी पडते.

फायबरच्या पायातही हेच तत्त्व लागू होते. आतील गाभा लाकडी असेल तर भोक मोठे पाडून, इपॉक्सीने भरून, मग योग्य मापाचे भोक पाडावे. त्यामुळे गाभ्यात पाणी शिरत नाही. मूळ बांधणीत लाकडात पिळून बसविलेले स्क्रू असतील आणि त्यांची पकड गेली असेल, तर तेथे आणखी जाड स्क्रू घालणे हा तात्पुरता उपाय होय. आरपार बोल्ट घालणे शक्य नसल्यास पायात आडवे भोक पाडून त्यात आटे पाडलेला धातूचा गज बसवावा व बोल्ट त्या गजात आवळावा. पायाच्या बाजूला जाड कोनपट्टी आरपार बोल्टांनी जोडून तिच्यावर माउंट बसविणे, हाही मान्य उपाय आहे.

पाया ॲल्युमिनियमचा असेल तर स्टेनलेस बोल्टभोवतीचे ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात वेगाने झिजते. तेथे अवाहक बाही, अवाहक वॉशर व संरक्षक लेप आवश्यक ठरतात. पोलादी पायात मात्र लहान स्टेनलेस बोल्ट व मोठा पोलादी पाया असे क्षेत्रफळाचे प्रमाण असल्याने, रंग शाबूत असेपर्यंत धोका कमी असतो.

९. बसविण्याची रीत

योग्य बोल्टही चुकीच्या रीतीने बसविल्यास निकामी होतो. स्टेनलेसचे आटे कोरडे आवळल्यास एकमेकांना चिकटून जाम होतात, म्हणून त्यांना चिकटरोधक लेप लावावा. पण लेप लावल्यावर घर्षण घटते, हे विसरता कामा नये. एम१२ च्या ए४-७० बोल्टला २६.६ किलोन्यूटन पूर्वताणासाठी कोरड्या आट्यांना सुमारे ६४ न्यूटन-मीटर आवळ लागते, तर लेप लावलेल्या आट्यांना सुमारे ४८. लेप लावून ६४ ची आवळ दिल्यास पूर्वताण ३५.६ किलोन्यूटन होतो आणि बोल्ट ३७.९ किलोन्यूटनच्या लवचीकता-सीमेजवळ जाऊन पोहोचतो. माउंटच्या किंवा इंजिनाच्या उत्पादकाने आवळीचा आकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा.

चिरलेला स्प्रिंग वॉशर आडव्या कंपनांपुढे विश्वासार्ह ठरत नाही. नायलॉनची कडी असलेला नट किंवा पाचरीसारखे दाते असलेली वॉशरची जोडी अधिक उपयुक्त असते. नायलॉनचा नट प्रत्येक वेळी नवा घ्यावा आणि धुरांड्याच्या नळीसारख्या अतितप्त भागाजवळ वापरू नये. बैठकीची भोके लांबट असतील तर त्यांवर जाड वॉशर आवश्यक आहे. पातळ वॉशर भोकात वाकून पकड घालवितो. उंची साधण्यासाठी स्टडवरील नट फार वर चढवू नयेत, कारण त्यामुळे स्टडवर वाकविणारे बल वाढते. पायावरच घट्ट भर घालून उंची मिळवावी.

बोल्ट एकेक करून बदलावेत, म्हणजे इंजिन जागेवरून हलत नाही. नौका पाण्यात असताना शाफ्टची रेषा पुन्हा तपासावी. इंजिन काही तास चालविल्यानंतर सर्व नट पुन्हा आवळून पाहावेत, कारण नवे पृष्ठभाग एकमेकांत बसताना थोडा पूर्वताण कमी होतो.

१०. निष्कर्ष

१. माउंटच्या बोल्टवरील प्रत्यक्ष भार त्याच्या ताकदीच्या मानाने लहान असतो. पकड सुटणे व क्षरण ही बोल्टच्या नाशाची मुख्य कारणे होत.

२. एकाच दर्जाचा बोल्ट सर्वत्र योग्य ठरत नाही. कोरड्या व तपासता येण्याजोग्या जागी ८.८, ओलसर जागी खूण असलेला ए४-७० किंवा ए४-८० ही समंजस निवड होय.

३. लाकडी व फायबरच्या पायात बोल्टच्या दर्जाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व त्याखालील पट्टीच्या क्षेत्रफळाला आहे.

४. आटे, लांबी, लेप व आवळ यांचा मेळ नसेल तर उत्तम बोल्टही निरुपयोगी ठरतो.

५. जुना बोल्ट का गेला याचे उत्तर मिळाल्याशिवाय नवा बोल्ट निवडणे म्हणजे तोच बिघाड पुढच्या फेरीसाठी राखून ठेवणे होय. किनाऱ्यावर उजेडात केलेली ही तपासणी समुद्रात अंधारात करावी लागू नये, हाच या सर्व विवेचनाचा हेतू आहे.